रिकाम्या कुंड्या

वीस वर्षं आमच्या अंगणातल्या सहा कुंड्या अर्धं वर्ष रिकाम्या दिसायच्या. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की मी त्यांना पाणी घालणं थांबवायची. तोवर वेलांची पानं पिवळी पडलेली असत, खोडं वाळून सुतळीसारखी झालेली असत. मार्गशीर्षात ती जरा ओढली तरी अलगद हातात येत आणि मग कुंडीत मातीशिवाय काही उरत नसे. मृग लागेपर्यंत कुंड्या अशाच. घरी येणारं माणूस एकदा तरी विचारायचं, 'या रिकाम्या का ठेवल्यात?' कुणी मिरची लावायला सुचवायचं, कुणी कोथिंबीर. त्यांचं काही चुकत नव्हतं. साताऱ्यातही आता अंगण म्हणजे गाडी लावून उरलेली जागा. तिथे सहा कुंड्या सहा-सहा महिने अडवून ठेवणं कुणालाही उधळपट्टीच वाटणार.

त्यातल्या चार कुंड्यांत कळलावी होती आणि दोन कुंड्यांत गडांबी कांदा. दोन्ही आपल्या सह्याद्रीतल्या, दोन्हींना लिलीच्या गोतावळ्यात मोजण्याची जुनी रीत. त्यांना सांभाळता सांभाळता एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. देशी लिली लावायची तर आधी जागा सोडता आली पाहिजे. मातीतली जागा सोडता यावी आणि वर्षातलीही.

'लिली' हा शब्द आपल्या बागांमध्ये इतका रुळला आहे, की त्यामागच्या प्रवासाची आठवण राहत नाही. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात गुलाबी-पांढरी फुलं एका रात्रीत उभी करणारी पावसाळी लिली अमेरिका खंडातून आली. वैशाखात पानांच्या आधी लाल चेंडू फुलवणारा 'मे फ्लॉवर' आफ्रिकेचा. ज्या निशिगंधाशिवाय आपला हार पुरा होत नाही, तो मेक्सिकोचा. ही सगळी मंडळी आता घरची झाली आहेत, त्यांना परकं म्हणायची माझी इच्छा नाही. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने ज्यांना लिली म्हणावं, त्या 'लिलियम' कुळीच्या वनस्पती भारतात हिमालयात सापडतात, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत सापडतात, आणि मणिपूरच्या शिरुई डोंगरावर सापडतात. फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांना 1946 मध्ये तिथे भेटलेली फिकट गुलाबी शिरुई लिली त्यांच्या पत्नीच्या, जीन मॅक्लिन यांच्या नावाने शास्त्रात नोंदली गेली. आज ते मणिपूरचं राज्यफूल आहे.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत लिलियम नाही. पण जुन्या वनस्पतिशास्त्रात लिलीचं कूळ फार ऐसपैस होतं आणि आपल्या कितीतरी वनस्पती त्यात नांदत होत्या. गेल्या तीसेक वर्षांत डीएनएच्या अभ्यासाने त्या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या. कळलावी एका घरी गेली, शतावरी, फोडशी आणि रानकांदा दुसऱ्या घरी. गडांबी, नागदवणा या मंडळींना तर अनेक शास्त्रज्ञ आधीपासूनच वेगळं धरत आले होते. नात्याचा हा नवा हिशेब खरा आहे. तरीही जुन्या माणसांना ही सगळी एका माळेची का वाटली असतील, हे पावसाळा संपल्यावर कळतं. चार महिने कोसळणारा पाऊस आणि आठ महिने कोरडं आभाळ या आपल्या हवेला यांनी एकच उत्तर शोधलं आहे. वरचा पसारा आवरायचा, लागेल तेवढं कांद्यात, कंदात किंवा जाड मुळांत साठवायचं आणि जमिनीखाली थांबायचं.

थांबण्याच्या वेळा मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. रानकांदा चैत्राच्या आसपास, जमीन तापलेली असताना एकच लांब दांडा वर काढतो. त्याची मळकट पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. पान त्या वेळी एकही नसतं, ते पाऊस पडल्यावर येतं, म्हणजे एकाच कांद्याची फुलं आणि पानं एकमेकांना कधी भेटत नाहीत. वळवाचे दोन-चार पाऊस झाले की महाबळेश्वरच्या बाजूला पांढऱ्या रानलिलींचे दांडे दिसू लागतात. पहिल्या सरींबरोबर फोडशी उगवते. बायका डोंगरातून तिच्या जुड्या आणतात, बाजारात तिला कुणी फोडशी म्हणतं, कुणी कुलूची भाजी. ती कोवळी असतानाच खायची. जी कुणाच्या हाती लागत नाही, ती पुढे पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलते. आणि आषाढात करवंदीच्या जाळीवर, कुंपणावर कळलावी पेटते.

कळलावी मी पहिल्यांदा पाहिली ती आजोळी, गुहागरकडे. आजीच्या परसाच्या गडग्यावर निवडुंग, अडुळसा आणि करवंद यांची दाट वई होती आणि श्रावणात तिच्यातून ही फुलं डोकं वर काढायची. आजीचा दंडक होता, कळलावी कुंपणावर शोभते, उंबऱ्याच्या आत आणायची नाही. आणली तर घरात कळ लागते, भांडणं होतात. नारदाला आपण कळलाव्या म्हणतो, त्यातलीच ही कळ. फक्त गौरी आवाहनाच्या दिवशी ती फुलं घरात यायची. तेरड्याच्या जुडीसोबत आजी ती आणायची आणि त्यांना 'गौरीचे हात' म्हणायची. मला तेव्हा ते नाव नुसतं गोड वाटलं होतं. पुष्कळ वर्षांनी कळलं, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ संगम कवितेत याच फुलाला कांदळ म्हणतात आणि तिथेही ते बाईच्या हाताच्या बोटांसाठी येतं. कुरुंतोगै या संग्रहात दही कालवणाऱ्या एका नव्या गृहिणीची बोटं कांदळासारखी आहेत. गुहागरच्या माझ्या आजीने संगम कवितेचं नावही ऐकलं नव्हतं. तरी दोघांना फुलात हातच दिसला.

तो का दिसला असेल, हे फूल जवळून पाहिलं की उमगतं. कळी खाली मान घालून लोंबते. उमलताना तिच्या सहा पाकळ्या मागे वळतात आणि ज्योतीसारख्या वर जातात. कडा नागमोडी, रंग आधी हिरवट पिवळा, मग केशरी, शेवटी लालभडक, त्यामुळे एकाच वेलावर वयाच्या सगळ्या पायऱ्या एकदम दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना पसरतात. आणि मधली कुक्षीवृंताची काडी, जी सरळ खाली यायला हवी, ती बुडापाशीच काटकोनात वळून बाजूला निघून जाते, आपल्याच परागांपासून लांब. मोठी फुलपाखरं आणि शिंजीर मधासाठी आले की त्यांच्या पंखांना बाहेर पसरलेले पराग लागतात. पानांचीही तऱ्हा अशीच. प्रत्येक पानाचं टोक बारीक होत होत तणाव्यात संपतं आणि काडीला विळखा घालतं. वेल चढते ती पानांच्या बोटांनी.

नावांचा तर तिच्याभोवती मेळाच आहे. संस्कृतात अग्निशिखा, कलिहारी आणि लांगली. लांगल म्हणजे नांगर. हे शेवटचं नाव मला कळलं ते एका चुकीतून. कॉलेजात असताना एका जूनमध्ये मी आजोळच्या वईतला कोंब पाहून हाताने माती उकरली आणि कंद ओढून काढला. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन फाळांचा, अगदी नांगराच्या घडणीचा होता. ओढताना एका फाळाचं टोक तुटलं, दुसऱ्याचा कोंब पिरगळला. साताऱ्याला आणून मी तो निगुतीने लावला. तो कुजला. नंतर वाचलं तेव्हा समजलं, की त्या कंदाच्या प्रत्येक फाळाला एकच डोळा असतो आणि तो अगदी टोकावर असतो. बटाट्यासारखे जागोजागी डोळे नसतात. टोक गेलं की तो फाळ संपला. शिवाय जुना कंद दर पावसाळ्यात वेल वाढवताना आटून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. मी जे उपटलं ते त्या वेलाचं पुढचं सगळं आयुष्य होतं. दुसऱ्या वर्षी वईच्या त्या जागी आजीने बोट दाखवलं नाही, काही बोललीही नाही. मलाच तिकडे बघवलं नाही.

त्यानंतर मी रानातून कंद किंवा कांदा कधी उचलला नाही. बी उचलते, तेही मोजकं. कार्तिकात कळलावीचं बोंड तीन फाकांत उकलतं आणि आत डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल-केशरी बिया दिसतात. त्या रुजायला कित्येक महिने घेतात. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं थोडंसं वर येतं आणि तेवढ्यात दिवाळी होते. चौथ्या पावसाळ्यात मला पहिलं फूल दिसलं. लावण्याची रीत सोपी आहे. खोल कुंडी, तांबडी माती, वाळू आणि कुजलेला पालापाचोळा. कंद आडवा, दोन इंच खोल. डोक्यावर ऊन आणि पायाशी सावली. चढायला करवंदीची किंवा डाळिंबाची वाळकी फांदी बरी, कारण गुळगुळीत नळीवर तिच्या बोटांना पकड मिळत नाही. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचं आणि पानं पिवळी पडली की अजिबात नाही. या कामात हात लावण्यापेक्षा हात आवरण्याचा भाग मोठा आहे. उन्हाळ्यात एकदा कंद जिवंत आहे ना हे बघावं, असं फार वाटतं. बघायला गेलं की डोळा मोडतो.

गडांबीने मला थांबण्याचा दुसरा धडा दिला आणि तो जवळजवळ उलटा होता. तिची फुलं संध्याकाळी उमलतात, पांढरी, लांब नळीची, पाकळीवर गुलाबी रेघ असलेली, आणि त्यांचा सुवास अंधार पडल्यावर निशाचर पतंगांना बोलावतो. तिच्या बिया मांसल, हिरवट, लहानशा बटाट्यासारख्या असतात. त्या जपून ठेवता येत नाहीत. एकदा मी चार बिया लिहायच्या टेबलावर ठेवल्या आणि विसरले. तीनेक आठवड्यांनी पाहिलं तर माती नाही, पाणी नाही, तरी बीमधून कोंब बाहेर येऊन टेबलावर मुळाची जागा शोधत होता. जी वनस्पती मोठेपणी अर्धं वर्ष स्वस्थ बसते, तिच्या बीला एक ऋतूही दम नसतो. आणि रोप रुजलं, की त्याची मुळं आकसून लहानग्या कांद्याला दर वर्षी थोडं खाली ओढतात. आपण वरच लावलेला कांदा स्वतःची खोली स्वतः ठरवतो.

या कुळीच्या काही जाती तर जगात फक्त आपल्या डोंगरांत आहेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. मार्शल वुड्रो यांनी 'गार्डनिंग इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. इथल्या हवेत घरची बाग कशी करावी हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटच्या कड्यावरच्या एका रानलिलीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचं नाव मिळालं, क्रायनम वुड्रोवी. त्यानंतर शंभरएक वर्षं ती कुणाच्या नोंदीत आली नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पुन्हा सापडली, तीही त्याच कड्यावर. मला या गोष्टीत एक शहाणपण दिसतं. ज्याने घरोघरी बागा लावायला शिकवलं, त्याच्या नावाचं फूल आपल्या एका कड्यापुरतं राहिलं. सगळंच अंगणात यावं अशी सृष्टीची योजना नाही. कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावर चार-सहा इंचांची माती असते आणि त्या मातीत कित्येक कांदे दाटीने जगतात. तिथला एक कांदा उचलून आपण एक रोप घरी आणत नसतो, त्या कातळाने शेकडो पावसाळे लावून जमवलेला मातीचा थर फाडत असतो. म्हणून वुड्रोवीला आणि तिच्यासारख्या दुर्मीळ बहिणींना दुरून नमस्कार करावा. कुंपणावर, बांधावर, रस्त्याकडेला जी मुबलक आहे, तिचंच बी घरी आणावं.

कळलावी मात्र फक्त आपली नाही. आफ्रिकेत आणि आशियात ती सारखीच देशी आहे. ती झिंबाब्वेचं राष्ट्रफूल आहे आणि तमिळनाडूचं राज्यफूल. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांच्या 'हॉर्टस मलबारिकस' या लॅटिन ग्रंथाच्या सातव्या खंडात, 1688 मध्ये, तिचं चित्र 'मेंदोनी' या मलबारी नावाने छापलं गेलं. त्या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुढे 1753 मध्ये लिनियसने तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हटलं. त्या नावात वैभव आहे, दिमाख आहे. आपल्या नावांत मात्र नांगर आहे, आग आहे आणि कळ आहे, म्हणजे ती काय करते आणि तिच्याशी कसं वागावं याची सूचना आहे.

कारण ती विषारी आहे. आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत धरलं आहे. कळलावी या नावाचा दुसरा अर्थही इथेच सापडतो. बाळंतपणात अडलेल्या बाईच्या हातापायांना तिच्या कंदाचा लेप लावायची जुनी रीत होती, कळा लावणारी ती कळलावी. आज हा उपचार कुणी करू नये. कंद आणि बिया पोटात गेल्या तर जीव जातो आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. कंद हाताळायचा तो हातमोजे घालून. या विषाचं नाव कोल्चिसिन. वातरक्तावर म्हणजे गाउटवर ते अगदी सूक्ष्म प्रमाणात औषध म्हणून देतात आणि त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे धागे कोल्चिसिन तयार होऊ देत नाही. पेशी ऐन विभाजनात थांबते. 1937 च्या सुमारास संशोधकांनी हाच गुण वापरून वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करायला सुरुवात केली. बिनबियांचं कलिंगड हे त्याच वाटेने आलेलं फळ. मी रसायनशास्त्राची नाही, पण हे वाचल्यापासून कुंडीकडे पाहताना मला नेहमी वाटत आलं, की जी वनस्पती दर वर्षी स्वतःला थांबवते, तिच्या रसातही थांबवण्याचीच शक्ती असावी, हा योग साधा नाही.

तरीही तिचं विष सगळ्यांना रोखत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पानं कुरतडलेली दिसली. काळ्या अंगावर पांढरे आणि शेंदरी ठिपके असलेल्या अळ्या होत्या, लिली पतंगाच्या. हा पतंग आपल्याकडचाच. तो कळलावीवरही जगतो आणि गडांबीवरही. मी पहिल्यांदा त्या वेचून टाकल्या. पुढच्या वर्षी अर्ध्या ठेवल्या. पोट भरलं की अळी खाली उतरते, मातीत शिरते आणि तिथे कोश करते. म्हणजे मी रिकामी समजली जाणारी जी कुंडी जपत होते, तिच्यात फक्त कंद नव्हता. आपण देशी झाड लावलं की त्याचे जुने सोयरेही पत्ता काढत येतात, त्यांनाही थोडी जागा लागते.

चार वर्षांपूर्वी वैशाखात मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते. इकडे घराला रंग लावायचं काम निघालं. रंगाऱ्याला कुंड्या हलवायच्या होत्या. त्याला त्या रिकाम्या दिसल्या. ओझं कमी व्हावं म्हणून त्याने कळलावीच्या चारही कुंड्यांतली माती कुंपणाशी, मेंदी आणि अडुळशाच्या बुडाशी ओतली, आणि कुंड्या स्वच्छ धुऊन ओळीने पालथ्या घातल्या. मी परत आले तेव्हा मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला होता. पालथ्या कुंड्या पाहून मी मटकन पायरीवर बसले. रागवायला जागा नव्हती. मातीत काय आहे हे मी कुणाला सांगूनच गेले नव्हते.

आठवडाभराने अडुळशाच्या बुंध्याशी तीन कोंब दिसले. चौथा आला नाही. ते तीन इतक्या वेगाने चढले, की माझ्या कुंड्यांत, माझ्या काड्यांवर मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. श्रावणात मेंदीच्या वर, रस्त्यावरून दिसेल अशी, पहिली फुलं पेटली. मला आजीचा दंडक आठवला. ती भांडणाची भीती घालायची, पण तिने त्या वेलाला दिलेली जागा किती नेमकी होती. कुंपणावर रांगतं मूल पोचत नाही. तिथलं काही चुकून भाजीत पडत नाही. तिथे चढायला आधार आहे, पायाशी सावली आहे आणि उन्हाळ्यात कुदळ घेऊन कुणी जात नाही. घराची हद्द जिथे संपते आणि रान जिथे सुरू होतं, त्या हातभर पट्टीत दोघांचंही चालतं. घरात रांगणारी नात आल्यावर मला ही व्यवस्था जास्तच पटली.

मी त्यांना तिथून हलवलं नाही. गडांबीच्या दोन कुंड्याही त्या बाजूला नेऊन ठेवल्या. भाद्रपदात गौर येते तेव्हा कुंपणावरून मोजून पाच फुलं खुडते, तिसऱ्या दिवशी ती विसर्जनाबरोबर बाहेर जातात. दिवाळीनंतर वेल सुकतात, मार्गशीर्षात दिसेनासे होतात. इतकी वर्षं प्रत्येकाने मला रिकाम्या कुंड्यांबद्दल विचारलं, पण कुंपण इथे रिकामं का, असं अजून एकानेही विचारलेलं नाही.

पालथ्या घातलेल्या त्या चार कुंड्या मी सरळ केल्या. त्यांत आता मिरची आहे.